दोन फॉर्म १६, एआयएसमधलं अनोळखी व्याज आणि अडकलेला रिफंड: रिटर्न भरायच्या आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबर २०२५ ला नोकरी बदलली, दोन कंपन्यांचे दोन फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) हातात आहेत, दोन्हीकडचे एचआरवाले म्हणतात आम्ही टॅक्स बरोबर कापलाय, आणि तरी आयकर खात्याचं पोर्टल म्हणतंय अजून ७३ हजार भरा. त्यात एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडे तुमच्याबद्दल पोचलेल्या माहितीच्या वार्षिक पत्रकात, ३८ हजारांचं एफडीचं व्याज दिसतंय जे तुम्हाला कधी मिळालंच नाही, आणि मागच्या वर्षीचा रिफंड अजून लटकलेला आहे. आता सीएकडे जाऊ की स्वतः भरू, आणि नोटीस तर येणार नाही ना.

पगारदार लोकांची रिटर्न भरायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि दर जूनमध्ये हेच तीन प्रश्न वेगवेगळ्या चेहऱ्यांनी समोर येतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: रिटर्न भरणं म्हणजे फॉर्म भरणं नाही, फॉर्म तर अर्ध्या तासात होतो. खरं काम आहे ताळमेळ बसवायचं, म्हणजे तुमच्या कागदांवर काय आहे आणि खात्याकडे तुमच्याबद्दल काय पोचलंय हे दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. लोक उलटं करतात, आधी पोर्टल उघडतात, आधीच भरलेले आकडे बघून पुढे पुढे क्लिक करत जातात, आणि शेवटी भलताच आकडा आला की घाबरतात. तुमचंही तेच झालंय, पण यात घाबरण्यासारखं काहीच नाही, तीनही गोष्टी सुटणाऱ्या आहेत.

पहिले ते ७३ हजार. तुम्ही दिलेले आकडे घेऊनच बघू. पहिल्या कंपनीने एप्रिल ते सप्टेंबर ८ लाख पगार दिला. त्यांनी धरलं की हा माणूस वर्षभर इथेच राहणार, म्हणजे वर्षाचे १६ लाख. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५ हजार वजा, राहिले १५ लाख २५ हजार. नवीन कर पद्धतीने (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) २०२५-२६ साठी पहिले ४ लाख करमुक्त, ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २० हजार, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४० हजार, आणि उरलेल्या सव्वातीन लाखांवर १५ टक्के म्हणजे ४८,७५०. झाले १,०८,७५०, त्यावर ४ टक्के सेस धरून १,१३,१००. सहा महिन्यांचा अर्धा टॅक्स त्यांनी कापला, ५६,५५०. बरोबरच कापला.

आता दुसरी कंपनी. तिने ऑक्टोबर ते मार्च ९ लाख दिले. तिला तुमच्या जुन्या पगाराचा पत्ताच नाही कारण तुम्ही सांगितलाच नाही, तर तिच्या हिशोबाने तुमचं वर्षाचं उत्पन्न फक्त ९ लाख. ७५ हजार तिनेही वजा केले, राहिले ८ लाख २५ हजार, आणि १२ लाखांपर्यंत कलम ८७ ए ची सूट आहे म्हणून टॅक्स शून्य. तिच्या बाजूनेही बरोबर!

पण तुमचं खरं उत्पन्न १७ लाख. स्टँडर्ड डिडक्शन वर्षाला एकदाच मिळतं, दोन कंपन्या म्हणून दोनदा नाही, तर राहिले १६ लाख २५ हजार. त्यावर २० हजार अधिक ४० हजार अधिक ६० हजार, आणि १६ लाखांवरच्या २५ हजारांवर २० टक्के म्हणजे ५ हजार, एकूण १ लाख २५ हजार, सेस धरून १ लाख ३० हजार. कापलेले ५६,५५० वजा केले की राहतात ७३,४५०. पोर्टल चुकलेलं नाही आणि दोन्ही कंपन्याही चुकलेल्या नाहीत, मधे फक्त माहिती पोचली नाही. नोकरी बदलताना फॉर्म १२ बी भरून आधीच्या पगाराची आणि कापलेल्या टॅक्सची माहिती नवीन कंपनीला द्यायची असते, तो दिला असता तर हेच पैसे सहा महिन्यांत थोडे थोडे कापले गेले असते. एचआर बऱ्याचदा स्वतःहून मागत नाही, त्यामुळे मागणी करायची वाट न बघता आपणच नेऊन द्यायचा.

यावर व्याजही लागतं, ते लोकांना अन्यायकारक वाटतं पण नियम असा आहे की टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला टॅक्स) वजा जाऊन १० हजार किंवा जास्त टॅक्स उरत असेल तर तो वर्षभरात ॲडव्हान्स टॅक्स म्हणून भरायचा असतो. नाही भरला तर कलम २३४ बी खाली एप्रिलपासून महिन्याला १ टक्का, आणि २३४ सी खाली चुकलेल्या हप्त्यांचं वेगळं. तुमच्या बाबतीत जुलैमध्ये भरलं तर दोन्ही मिळून साडेसहा हजारांच्या थोडं वर जातं. ऑगस्ट उजाडला की अजून एक टक्का, आणि रिटर्नची मुदत चुकली तर २३४ ए चा आणखी एक टक्का वेगळा. म्हणून चलन आज भरा, रिटर्न उद्या भरलंत तरी चालेल. उलटं करू नका, टॅक्स बाकी ठेवून रिटर्न पाठवलं तर सरळ मागणीच येते.

चलन भरताना एका जागी या वर्षी खूप लोक अडकणार आहेत म्हणून जरा थांबून वाचा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय आणि त्यात असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षाच्या पुढचं, हिशोब तपासण्याचं वर्ष) ही भानगड जाऊन नुसतं टॅक्स इयर आलंय. पण तुमचं २०२५-२६ चं उत्पन्न अजून १९६१ च्या जुन्या कायद्याखालीच आहे, त्याचं असेसमेंट इयर २०२६-२७. आणि नवीन कायद्यात एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ मध्ये जे कमवाल त्याचं टॅक्स इयर पण २०२६-२७! आकडा तोच, वर्षं वेगळी. तर जुन्या वर्षाचा राहिलेला टॅक्स भरताना असेसमेंट इयर २०२६-२७ आणि सेल्फ असेसमेंट टॅक्स, म्हणजे पूर्वीचा तीनशे नंबरचा प्रकार. आणि चालू वर्षाचा ॲडव्हान्स टॅक्स भरायचा असेल तर तो टॅक्स इयर २०२६-२७ मध्ये. पैसे चुकीच्या वर्षात गेले की रिटर्नमध्ये ते दिसत नाहीत आणि मग भरूनही थकबाकी दिसते. पोर्टलवर चलन दुरुस्तीची सोय आहे पण मुदत फार कमी असते, त्यामुळे भरल्या भरल्या पावती उघडून वर्ष आणि प्रकार वाचायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

जुन्या पद्धतीने कमी पडेल का असंही विचारलंय. हिशोब करून बघितला. तुमच्या १७ लाखांवर जुन्या पद्धतीने तेवढाच टॅक्स यायला करपात्र उत्पन्न १० लाख ४२ हजारांच्या आसपास उतरायला हवं, म्हणजे ५० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन सोडून अजून ६ लाख ८ हजारांच्या वजावटी हव्यात. ८० सी चे (पीएफ, विमा वगैरे गुंतवणुकीचे) दीड लाख, घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, एनपीएस पेन्शन योजनेचे जादा ५० हजार, मेडिक्लेमचे २५ हजार, सगळं कमाल धरलं तरी सव्वाचार लाख होतात. उरलेला फरक एचआरएने (घरभाडे भत्त्याच्या सवलतीने) भरून निघत असेल तरच जुन्याचा विचार करा, पण ज्या घराचं कर्ज आहे त्याच घरात राहत असाल तर एचआरए मिळत नाही. तुमचं भाड्याचं घर नाहीये, म्हणजे नवीनच ठीक. ज्यांचं भाडं मोठं आहे आणि घरकर्जही दुसऱ्या घराचं आहे त्यांनी मात्र दोन्ही करून बघावं, पगारदार माणसाला रिटर्न भरताना पद्धत बदलता येते, कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला काय सांगितलं होतं त्याने अडत नाही. अट एकच, रिटर्न मुदतीत हवं. ३१ जुलै चुकली की जुनी पद्धत हातातून गेली.

इथेच एक गोष्ट तळमळीने सांगतो. वजावटी कमी पडतात म्हणून खोट्या दाखवू नका. दर वर्षी कोणीतरी भेटतं जे म्हणतं मी तुम्हाला पूर्ण रिफंड काढून देतो, त्यातले माझे इतके टक्के. हे लोक काय करतात तर न दिलेल्या राजकीय देणग्या दाखवतात, न भरलेलं भाडं दाखवतात, मेडिक्लेम नसताना ८० डी टाकतात. पैसे येतातही खात्यात, मग माणूस ऑफिसमध्ये चार जणांना सांगतो आणि पूर्ण डिपार्टमेंट त्याच एजंटकडे जातं. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशाच खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोहीम काढली. त्यात एजंट राहतो बाजूला, रिटर्न तुमच्या पॅनवर आणि सही तुमची असते. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर दंड टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, वर मूळ टॅक्स आणि व्याज वेगळं. आणि आता फॉर्ममध्येच पॉलिसी नंबर, विमा कंपनीचं नाव, एचआरएचा तपशील मागतात, त्यामुळे नुसता आकडा टाकून सुटण्याचे दिवस संपलेत. कमी पगारात घर चालवणाऱ्या लोकांना या एजंटांनी लाखाच्या थकबाकीत ढकललेलं मी जवळून बघितलंय, फार वाईट वाटतं.

आई-वडिलांना भाडं देत असाल तर ते खोटं नाही बरं का, ते चालतं. फक्त ते खरोखर बँकेतून गेलेलं असावं, घर त्यांच्या नावावर असावं, वर्षाला १ लाखाच्या वर असेल तर त्यांचा पॅन द्यावा, आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवावं.

आता एआयएस. नोव्हेंबर २०२१ पासून हे सुरू झालं आणि तेव्हापासून आमच्या कामाची पद्धतच बदलली. पूर्वी २६ एएस या कर पत्रकात मुख्यतः टीडीएस दिसायचा, आता एआयएसमध्ये बचत खात्याचं व्याज, एफडीचं व्याज, डिव्हिडंड, शेअर आणि म्युच्युअल फंडांची विक्री, घराचे व्यवहार, बरंच काही येतं. पण हे सगळं दुसऱ्यांनी कळवलेलं असतं, बँकांनी, फंडवाल्यांनी, रजिस्ट्रारने. त्यामुळे त्यात चुकाही असतात, एकच व्यवहार दोनदा येतो, शेअर विकल्याची पूर्ण रक्कम येते पण खरेदीची किंमत चुकीची किंवा शून्य दिसते. एआयएस म्हणजे खात्याला काय ऐकू आलंय ते. खरं काय ते तुमच्या पासबुकात आणि ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये असतं. दोन्ही जुळायला हवं, आणि जिथे जुळत नाही तिथे का नाही ते तुम्हाला सांगता यायला हवं.

तुमचे ३८ हजार कुठून आले असतील? तुम्हीच लिहिलंय की वडिलांनी निवृत्तीच्या पैशांची एफडी तुमच्यासोबत जॉइंट केलीय. नव्वद टक्के वेळा काय होतं की अशा एफडीत मुलाचं नाव पहिलं टाकलेलं असतं, म्हातारपणी धावपळ नको म्हणून, आणि बँक व्याज कळवते पहिल्या नावाच्या पॅनवर. पैसे वडिलांचे असतील तर व्याजावरचा टॅक्सही वडिलांचा, नाव पहिलं कोणाचं याने फरक पडत नाही. तेव्हा आधी बँकेतून व्याजाचं सर्टिफिकेट आणा, एफडी नंबर ताडून बघा. तीच निघाली तर एआयएसमध्ये त्या ओळीवर फीडबॅक द्यायचा असतो, त्यात ही माहिती दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे असा पर्याय आहे, तो निवडून वडिलांचा पॅन द्या. वडिलांच्या रिटर्नमध्ये ते व्याज दाखवलं गेलंच पाहिजे, दोघांकडूनही गायब झालं तर मात्र तुमचा फीडबॅक टिकणार नाही. या व्याजावर बँकेने टीडीएस कापला असेल तर तो तुम्ही घेऊ नका, ज्याचं उत्पन्न त्याचाच टीडीएस. बँकेला लेखी डिक्लेरेशन दिलं की टीडीएस वडिलांच्या पॅनवर टाकता येतो, आणि हे काम दर वर्षी करण्यापेक्षा एफडी रिन्यू होताना नावांचा क्रमच बदलून घ्या.

वडिलांची एफडी नसेल आणि तुमचीच विसरलेली कुठली तरी निघाली, तर ते व्याज सरळ दाखवा. "खात्यात आलंच नाही" असं वाटतं कारण क्युम्युलेटिव्ह एफडीत व्याज मुद्दलात मिसळत जातं, हातात येतं मुदत संपल्यावर, पण बँक दर वर्षी जमा झालेलं व्याज कळवते आणि मर्यादेच्या वर असेल तर टीडीएसही कापते. लोक पाच वर्षं काही दाखवत नाहीत आणि शेवटच्या वर्षी एकदम दाखवतात, मग एकही वर्ष जुळत नाही. दर वर्षीचं दर वर्षी दाखवा, त्रास वाचतो.

टीडीएसवरून अजून दोन गैरसमज. एक, बँकेने १० टक्के कापले म्हणजे टॅक्स भरून झाला. नाही, तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उरलेले १० टक्के तुम्हीच भरायचे. दोन, टीडीएस कापलाच नाही म्हणजे ते उत्पन्न करमुक्त. तेही नाही. एप्रिल २०२५ पासून बँक व्याजावरची टीडीएसची मर्यादा ४० हजारांवरून ५० हजार झालीय, ज्येष्ठांना १ लाख, पण ती मर्यादा फक्त कापण्याची आहे. टीडीएस कापू नका म्हणून बँकेला १५ जी किंवा १५ एच फॉर्म दिला म्हणजे व्याज दाखवायची गरज नाही असं समजणारे तर खूपच भेटतात. आणि कंपनीने पगारातून टॅक्स कापला पण सरकारकडे भरलाच नाही असंही होतं, २६ एएस मध्ये तो दिसत नाही. अशा वेळी कायद्याने तो टॅक्स तुमच्याकडून परत वसूल करता येत नाही, पण तुम्हाला दाखवावं लागतं की कापला गेला होता, म्हणून पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा, नोकरी सोडताना तर आधी डाउनलोड करून घ्या कारण नंतर लॉगिन बंद होतं.

फॉर्म कुठला? फक्त पगार, व्याज आणि एक घर असेल, एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत, तर आयटीआर १. शेअर किंवा इक्विटी फंड वर्षभर ठेवून विकले आणि नफा सव्वा लाखाच्या आत आहे तर तेही आयटीआर १ मध्ये बसतं. पण वर्षाच्या आत विकलेला एक जरी शेअर असेल तर आयटीआर २. आणि एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) केलं असेल, मग तोटा असला तरी, ते धंद्याचं उत्पन्न धरतात, आयटीआर ३ लागतो. तरुण पोरं इथे फसतात, त्यांना वाटतं तोटाच झालाय तर कशाला दाखवायचं. अहो तोटा दाखवला आणि मुदतीत दाखवला तरच तो पुढे ८ वर्षं नेता येतो, उशिरा भरलं की गेला. फंडात एका स्कीममधून दुसरीत स्विच केलं तरी ती विक्रीच धरतात, पैसे हातात आले नाहीत म्हणून सोडून देऊ नका. आणि १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही हे ऐकून बसलेल्यांनी लक्षात ठेवा, ती सूट शेअरच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला लागू नाही. नऊ लाख पगार असलेल्याला शॉर्ट टर्म नफ्यावर २० टक्के भरावे लागतात आणि त्याला ते मार्च संपल्यावर कळतं.

तिसरं, रिफंड. इथे क्रमाने बघा. पहिला प्रश्न, मागच्या वर्षीचं रिटर्न ई-व्हेरिफाय केलं होतं का? सबमिट केलं की झालं असं वाटतं, पण ३० दिवसांत आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने व्हेरिफाय करावं लागतं, नाहीतर बंगळुरूच्या सीपीसीला (रिटर्न प्रोसेस करणाऱ्या केंद्राला) सही केलेला आयटीआर-व्ही, म्हणजे रिटर्नची पोचपावती, पोस्टाने पाठवावा लागतो. ते राहिलं असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही रिटर्न भरलेलंच नाही. पोर्टलवर उशीर माफ करण्याची विनंती टाकता येते, कारण खरं लिहा.

व्हेरिफाय झालंय आणि प्रोसेसही झालंय, तरी पैसे नाहीत? मग बँक खातं बघा. खातं व्हॅलिडेट झालेलं लागतं आणि पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळावं लागतं. लग्नानंतर बँकेत आडनाव बदललं आणि पॅनवर माहेरचंच राहिलं, हा आपल्याकडचा अगदी नेहमीचा प्रकार. दुसरा प्रकार बँकांच्या विलीनीकरणाचा, देना बँक बँक ऑफ बडोदात गेली २०१९ ला, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली २०२० ला, आयएफएससी बदलले आणि पोर्टलवर जुनेच राहिले. ते सुधारून रिफंड रिइश्यूची विनंती टाकली की बऱ्याचदा काम होतं. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर १ जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय आणि निष्क्रिय पॅनवर रिफंड मिळत नाही, तेही तपासा.

तिसरी शक्यता, कुठल्या तरी जुन्या वर्षाची थकबाकी दाखवून रिफंड त्यात वळता करण्याची सूचना आली असेल. कलम २४५ ची ही सूचना लोक वाचतच नाहीत. पोर्टलवर जाऊन मान्य किंवा अमान्य असं उत्तर द्यायचं असतं, २१ दिवस असतात, गप्प राहिलात तर मान्य समजून वळती करतात. बऱ्याच जुन्या थकबाक्या चुकीच्या असतात, तेव्हाचा टीडीएस जुळला नव्हता वगैरे, कागद असतील तर अमान्य करा आणि कागद जोडा. उशिरा आलेल्या रिफंडवर सरकार महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, ते व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं, हे हमखास राहून जातं.

नोटिशीची भीती. रिटर्न प्रोसेस झाल्यावर १४३(१) ची इंटिमेशन सगळ्यांनाच येते, ती नोटीस नाही. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख. आत दोन रकाने असतात, एकात तुम्ही काय सांगितलं आणि दुसऱ्यात त्यांनी काय धरलं. वरपासून खालपर्यंत दोन बोटं दोन रकान्यांवर ठेवून उतरत यायचं, ज्या ओळीला आकडे वेगळे झाले तिथे भांडण आहे, बाकी सगळं सोडून द्या. पगाराच्या ओळीला फरक असेल तर दुसरा फॉर्म १६ राहिला, टीडीएसच्या ओळीला असेल तर २६ एएस बघा. चूक त्यांची असेल तर दुरुस्तीचा अर्ज, तुमची असेल तर मुदत आहे तोवर रिवाइज्ड रिटर्न. १३९(९) म्हणजे रिटर्न सदोष, १५ दिवसांत सुधारून द्या, दुर्लक्ष केलं तर रिटर्न रद्द धरतात. १४३(२) आली तर मात्र ती खरी तपासणी, तिथे स्वतः उत्तर लिहीत बसू नका, सीए गाठा. रिफंडसाठी इथे क्लिक करा म्हणून येणारे मेसेज सगळे फसवे समजा, खात्याच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नंबर (त्या पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो आणि तो पोर्टलवर तपासता येतो.

कधी भरायचं? एप्रिल-मे मध्ये घाई नको, कारण कंपन्या आणि बँका शेवटच्या तिमाहीचा टीडीएस ३१ मे पर्यंत कळवतात आणि फॉर्म १६ द्यायची मुदत १५ जून. त्याआधी भरलं तर अर्धवट आकड्यांवर भरल्यासारखं होतं. आणि ३० जुलैची वाटही बघू नका. २०२५ ला मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि मग १६ सप्टेंबर झाली म्हणून यंदाही वाढेल या भरवशावर बसणारे बरेच आहेत, नाही वाढली तर ५ हजार लेट फी, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार. ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. त्यानंतर अपडेटेड रिटर्न, चार वर्षांपर्यंत, पण त्यात जादा टॅक्स २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जातो आणि रिफंड मागता येत नाही. जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंतचे दिवस मला सगळ्यात बरे वाटतात, माहिती आलेली असते आणि पोर्टलही दम टाकत नसतं.

सीएकडे जायचं का, तर तुमच्या केसला गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही फॉर्म १६ चे पगार बेरीज करून टाका, स्टँडर्ड डिडक्शन एकदाच धरलं गेलंय ना बघा, बचत खात्याचं व्याज विसरू नका, चलनाचा नंबर टाका, झालं. परदेशी कंपनीचे शेअर मिळाले असतील, घर विकलं असेल, एफ अँड ओ असेल, किंवा घरात कोणी वारलं असेल, तर मात्र जरूर जा. त्या शेवटच्या बाबतीत लोकांना माहीतच नसतं की गेलेल्या माणसाचंही मृत्यूच्या तारखेपर्यंतचं रिटर्न भरावं लागतं, त्यांच्याच पॅनवर, वारसाने पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून. दुःखात कोणाला हे सुचत नाही, आणि मग वर्ष-दोन वर्षांनी आईच्या हातात वडिलांच्या नावाचं पत्र येतं. ओळखीत असं कोणाकडे झालं असेल तर तुम्ही होऊन त्यांना सांगा.

आणि कोणाकडूनही भरून घेतलंत, अगदी जवळच्या माणसाकडून, तरी पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. तुम्ही गेली काही वर्षं बाहेरून भरून घेत होतात म्हणता, तर आधी तेच उघडून बघा. तिथे दुसऱ्याचा ईमेल असेल तर रिफंड का अडकला याची सूचना केव्हाच त्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडलेली असू शकते. प्रोफाइल बदला, मग पेंडिंग ॲक्शन्समध्ये आणि ई-प्रोसीडिंग्जमध्ये जाऊन मागची पत्रं काढा, २४५ ची सूचना दिसली तर तारीख बघून लगेच उत्तर द्या, आणि ते झाल्यावर चलनाकडे वळा.